फुटलेली जहाजं आणि रोमँटिक निसर्गचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कुठली चित्रं? समुद्राचं कुठलंही चित्र यात येतं का?

नाही. रोमँटिक म्हणजे इथे प्रेमाबिमाचं नव्हे, तर तीव्र भावना आणि निसर्गाचं अफाटपण यांना महत्त्व देणारी युरोपीय कलाचळवळ. इथे बोलायचं आहे ते साधारण १७६० ते १८५० या काळातल्या युरोपीय चित्रांबद्दल: खवळलेला समुद्र, खडक किंवा बर्फ, आणि त्यांच्यापुढे हरलेलं किंवा हरत असलेलं जहाज. आरमारी लढाया, बंदरांची देखणी दृश्यं, मालकांनी हौसेने काढून घेतलेली आपल्या जहाजांची चित्रं हे सगळं बाजूला ठेवू. नावं घ्यायची तर फ्रान्सचे क्लोद-जोझेफ व्हर्ने आणि तेओदोर जेरिको, इंग्लंडचा टर्नर, जन्माने स्ट्रासबर्गचा पण लंडनमध्ये स्थिरावलेला द लूथरबुर्ग, जर्मनीचा कास्पार डेव्हिड फ्रीडरिश, ड्रेस्डेनमध्ये त्याच्याच घरात राहणारा नॉर्वेजियन योहान क्रिस्तियान डाल आणि क्रिमियातला इव्हान आयवाझोव्स्की. यातला व्हर्ने (१७१४ ते १७८९) खरं तर रोमँटिक पिढीच्या आधीचा. पण त्याला वगळून ही गोष्ट सुरूच होत नाही.

जहाज म्हणजे आयुष्य, वादळ म्हणजे संकट. एवढंच ना?

एवढं तर आहेच. पण एवढ्यावर थांबायचं असेल तर चित्र बघितलं नाही तरी चालेल. हे समीकरण रोमँटिकांनी शोधलेलं नाही. राज्याला जहाजाची उपमा देणं प्लेटोच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. ख्रिस्ती परंपरेत चर्च म्हणजे तारू आणि नांगर म्हणजे आशा, हे शतकानुशतकं सगळ्यांना पाठ होतं. प्रतीक जुनंच होतं. मग नवं काय झालं?

माझ्या मते नवी झाली ती बघणाऱ्याची जागा. 'जहाजाचा अर्थ काय' असं विचारण्याआधी 'चित्रकाराने मला कुठे उभं केलं आहे' हे विचारून बघा. व्हर्ने तुम्हाला किनाऱ्यावर उभं करतो, पायाखाली पक्का खडक. जेरिको तराफ्याला खेटून उभं करतो. टर्नर लाटेच्या पोटात ढकलतो. फ्रीडरिश अशा ठिकाणी नेतो जिथे बघायला कोणी उरलेलंच नाही. चित्रं अगदी याच क्रमाने आली असं नाही. टर्नरचं पहिलं मोठं जहाजफुटीचं चित्र जेरिकोच्या आधीचं, १८०५चं आहे. पण एकूण ओघ तोच: सत्तरेक वर्षांत प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली. किनाऱ्यावरून पाहिलेलं फुटकं जहाज म्हणजे दुसऱ्याचं दुर्दैव. पाण्यातून पाहिलं की ते आपलं होतं. प्रतीकाचा अर्थ बदलला तो इथे. पुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरणार आहेत, त्याला इलाज नाही.

सतराव्या शतकातले डच चित्रकार तर हे आधीच रंगवत होते. मग फरक कशात?

रंगवत होते, आणि उत्तम रंगवत होते. लुडोल्फ बाखाउझेन किंवा धाकटा विलेम व्हान द व्हेल्ड यांच्या चित्रात कुठलं शीड गुंडाळलं आहे, कुठला दोर तुटला आहे, हे दर्यावर्दी माणसाला बोट ठेवून सांगता येतं. टर्नर त्यांच्याकडूनच शिकला. व्हान द व्हेल्डच्या एका चित्राचा छाप दाखवून 'यानेच मला चित्रकार केलं' असं तो म्हणाल्याचं सांगतात. फरक आहे तो भरवशाचा. डच वादळात बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यात ढग फाटलेला असतो, तिथून प्रकाश येतो, आणि वरच्याचं लक्ष आहे असं वाटत राहतं. रोमँटिक चित्रात तो प्रकाश येईलच याची हमी नाही. आला तरी तो माणसासाठी आला आहे असं नाही.

इतकी भयानक चित्रं लोक आपल्या दिवाणखान्यात का लावत होते?

कारण भीतीतही सुख असतं, फक्त ती भीती सुरक्षित अंतरावर हवी. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये हेच सांगितलं. सौंदर्य वेगळं आणि उदात्त वेगळं. अफाट, काळोखं, बेलगाम असं काही समोर आलं की मन थरारतं, आणि जिवाला धोका नसेल तर त्या थरारातच एक आनंद असतो. १७९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्यात भर घातली: वादळी समुद्रापुढे आपलं शरीर कस्पटासमान आहे हे कळतं, पण ते कळणारी बुद्धी समुद्राकडे नाही, माणसाकडे आहे. त्याही आधी, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, रोमन कवी ल्युक्रेशियसने लिहून ठेवलं होतं की किनाऱ्यावर उभं राहून दुसऱ्याची समुद्रातली धडपड पाहणं सुखाचं असतं. दुसऱ्याच्या हालांचं सुख नव्हे, आपण त्यातून सुटलो आहोत याचं.

व्हर्नेचा सगळा व्यवसाय या सुखावर उभा होता. रोममध्ये जवळपास वीस वर्षं काढून तो परतला तो पंधराव्या लुईने फ्रान्सची बंदरं रंगवायला सांगितली म्हणून. त्या मालिकेची पंधरा चित्रं झाली. पण खाजगी गिऱ्हाईक त्याच्याकडे मागायचं ती जोडचित्रं: एक शांत समुद्राचं, एक वादळाचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १७७२चं 'जहाजफुटी' आहे. वीज, वाकलेलं झाड, खडकावर आपटलेलं जहाज, आणि पुढे किनाऱ्यावर जीव वाचवून आलेली माणसं. नीट पाहिलं तर ती माणसं नाटकातल्यासारखी मांडलेली आहेत. कोणी हात वर केले आहेत, कोणी बेशुद्ध बाईला सावरतो आहे. प्रेक्षकाने कुठे हळहळायचं ते आखून दिलेलं आहे.

व्हर्नेचा सर्वांत मोठा चाहता म्हणजे फ्रेंच लेखक आणि विचारवंत दिदरो. त्याच्याकडे व्हर्नेचं वादळाचं एक चित्र होतं. आपल्या जुन्या झग्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात तो देवाला विनवतो की बाकी सगळं काढून घे, पण व्हर्ने तेवढा राहू दे. बुडणाऱ्यांचं चित्र ही घरातली सर्वांत लाडकी वस्तू! यात काहीतरी खटकण्यासारखं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते जेरिकोलाही वाटलं असावं.

व्हर्नेने आणि टर्नरने वादळ पाहण्यासाठी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, हे खरं का?

व्हर्नेबद्दलची ती आख्यायिका आहे. ती पसरवण्यात घरच्यांचाही हात होता: त्याचा नातू ओरास व्हर्ने यानेच १८२२ मध्ये आजोबा डोलकाठीला बांधलेले असं चित्र रंगवलं. ते आविन्योंला आहे.

टर्नरने तेच स्वतःबद्दल सांगितलं. १८४२ मध्ये त्याने 'हिमवादळ: बंदराच्या तोंडाशी आगबोट' हे चित्र मांडलं आणि लांबलचक शीर्षकातच लिहून टाकलं की एरियल बोट हारविचहून निघाली त्या रात्री चित्रकार या वादळात होता. चार तास डोलकाठीला बांधून घेतलं होतं, वाचेन असं वाटत नव्हतं, असंही त्याने म्हटल्याचं इंग्लिश कलासमीक्षक रस्किनने नोंदवलं आहे. टर्नर तेव्हा साठी ओलांडलेला. ही गोष्ट जशीच्या तशी खरी मानायला अभ्यासक तयार नाहीत आणि मलाही ती पटत नाही. पण ही थाप फार बोलकी आहे. आपण किनाऱ्यावरून पाहिलं नाही, आत होतो, हे सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. व्हर्नेच्या काळी डोलकाठीची गोष्ट चित्रकाराच्या धाडसाची होती. टर्नरकडे तीच गोष्ट चित्राच्या खरेपणाचा पुरावा म्हणून येते. समीक्षकांपैकी कोणी त्या चित्राला साबणाचा फेस आणि चुना म्हटलं. त्यावर तो चिडून म्हणाला म्हणे, समुद्र कसा असतो असं वाटतं यांना?

त्या चित्रात जहाज फुटलेलं नाही हेही लक्षात ठेवा. धूर, बर्फ आणि पाणी यांचा एक भोवरा आहे आणि मध्ये काळा ठिपका. फुटायची गरजच उरलेली नाही.

तेव्हा खरोखर एवढी जहाजं फुटत होती का, की सगळी कल्पनाच?

फुटत होती. दीपगृहं कमी, नकाशे अपुरे, शिडांची जहाजं वाऱ्याच्या मर्जीवर, त्यात नेपोलियनच्या युद्धांमुळे समुद्रावर वर्दळ भलतीच वाढलेली. आजच्या रस्ते अपघाताइतकी नेहमीची बातमी होती ती.

यातली एक बातमी हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं हॉल्सवेल हे जहाज मद्रासकडे निघालेलं असताना जानेवारी १७८६ मध्ये इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या कड्यांवर आपटलं. कप्तान पिअर्स आपल्या दोन मुलींसह बुडाला. त्यांना सोडून जायला तो तयार नव्हता. काही दिवसांत ही कथा घराघरांत पोचली. द लूथरबुर्ग तेव्हा लंडनमध्ये आयडोफ्युसिकॉन नावाचा खेळ दाखवायचा: छोटा रंगमंच, हलते देखावे, दिवे, मागून आवाज, नट एकही नाही. १७८१ मध्ये सुरू झालेल्या त्या खेळात त्याने १७८६ सालीच हॉल्सवेलचं बुडणं घातलं. तिकीट काढून लोक वादळ बघायला येऊ लागले. सिनेमाच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

टर्नरने 'अडलेल्या जहाजाकडे निघालेली जीवरक्षक होडी आणि मॅन्बीचं यंत्र' असंही एक चित्र १८३१ मध्ये मांडलं. कप्तान मॅन्बीने किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजापर्यंत दोर फेकणारी तोफ बनवली होती. ग्रेट यार्मथला डोळ्यांसमोर माणसं बुडताना पाहून त्याला ते सुचलं. म्हणजे काठावरचा प्रेक्षक नुसता बघत नव्हता, काही जण दोर फेकायच्या खटपटीतही होते. इंग्लंडची जीवरक्षक होड्यांची राष्ट्रीय संस्था १८२४ची, याच काळातली.

जेरिकोचं 'मेड्युसाचा तराफा' निसर्गचित्र कसं? त्यात तर माणसंच माणसं आहेत.

काटेकोरपणे नाहीच. आकाराने आणि मांडणीने ते इतिहासचित्र आहे, जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद. पण जहाजफुटीच्या चित्रांचा विषय काढून त्याला वगळणं शक्य नाही, कारण त्याने किनारा पुसून टाकला.

घटना अशी. २ जुलै १८१६ रोजी मेड्युसा ही फ्रेंच फ्रिगेट (लढाऊ जहाज) सेनेगलला जाताना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आर्गॅंच्या वाळूत रुतली. कप्तान शोमारे याला वीसेक वर्षं जहाज चालवायची सवय राहिली नव्हती. राजघराण्याशी निष्ठावंत म्हणून त्याला पद मिळालं होतं. होड्या अपुऱ्या होत्या. म्हणून लाकडांचा तराफा बांधला, त्यावर १४७ माणसं चढवली आणि होड्यांनी तो ओढून न्यायचं ठरलं. थोड्याच वेळात दोर सोडून दिले. तेरा दिवस तराफा भरकटला. तहान, मारामाऱ्या, आणि शेवटी मेलेल्यांचं मांस. आर्गस जहाजाला तो सापडला तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते. त्यांतल्या साविन्यी आणि कोरेआर यांनी १८१७ मध्ये हकिगत छापली आणि सरकारची अब्रू गेली.

जेरिकोने या दोघांना गाठलं, सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, इस्पितळात मरणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे अभ्यास केले, तरुण चित्रकार देलाक्रवाला पालथं झोपवून मॉडेल केलं. आणि एवढं करून बुडण्याचा क्षण रंगवलाच नाही. मांसाचा प्रसंगही नाही. त्याने निवडला तो क्षितिजावर आर्गस दिसल्याचा क्षण, आणि आर्गस एवढंसं की प्रत्यक्ष चित्रासमोरही शोधावं लागतं. माणसांचा ढीग उजवीकडे वर चढत जातो, सर्वांत वर एक काळा माणूस कापड हलवतो आहे. आणि वारा? वारा शिडात भरून तराफ्याला डावीकडे, वाचवणाऱ्यापासून दूर ढकलतो आहे. डावीकडे लाट उभी आहे. या चित्रातलं निसर्गचित्र म्हणायचं तर हेच: निसर्ग दुष्ट नाही, त्याला यातलं काही माहीतच नाही.

व्हर्नेच्या चित्रात हळहळणारे लोक किनाऱ्यावर असतात. इथे किनारा नाही. तराफ्याची जवळची बाजू प्रेक्षकाच्या पायाशी येऊन भिडते. १८१९च्या सलॉनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, ते नुसतं 'जहाजफुटीचं दृश्य' या नावाने टांगलं गेलं, पण कुठलं जहाज हे पॅरिसमध्ये कोणाला सांगावं लागत नव्हतं. पुढच्या वर्षी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये तिकीट लावून ते दाखवलं तेव्हा सुमारे ४० हजार लोक येऊन गेले. फ्रान्स हेच फुटकं जहाज, अशी व्याख्या नंतर पुष्कळांनी केली. मला वाटतं त्या चित्राला एवढं मोठं रूपक लागत नाही. वशिल्याचा कप्तान आणि सोडून दिलेले दोर पुरेसे आहेत.

फ्रीडरिशच्या 'हिमसागर' या चित्रात जहाज कुठे आहे? मला फक्त बर्फ दिसला.

उजवीकडे, बर्फाच्या लाद्यांखाली. कलंडलेल्या जहाजाची मागची बाजू आणि मोडकी डोलकाठी. पहिल्या नजरेत दिसू नये अशीच योजना आहे. मध्यभागी बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून सुळका झाला आहे, मागे निळसर आकाश, आणि माणूस एकही नाही. प्रेतसुद्धा नाही.

हे चित्र १८२३-२४चं, आता हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात. बराच काळ ते 'भंगलेली आशा' म्हणून ओळखलं जायचं, पण ते नाव फ्रीडरिशच्या १८२२च्या दुसऱ्याच, आता हरवलेल्या चित्राचं. त्यात ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर अडकलेलं 'आशा' नावाचं जहाज होतं. दोन्हींची सरमिसळ झाली. विषय सुचला तो विल्यम पॅरीच्या १८१९-२० मधल्या आर्क्टिक मोहिमेच्या बातम्यांवरून. गंमत अशी की पॅरीची हेक्ला आणि ग्रायपर ही दोन्ही जहाजं सुखरूप परत आली होती. म्हणजे हॉल्सवेल किंवा मेड्युसासारखी खरी दुर्घटना इथे नाहीच. फ्रीडरिश उत्तर ध्रुवाकडे कधी गेलाही नव्हता. बर्फ त्याने पाहिला तो ड्रेस्डेनमध्ये, १८२०-२१च्या हिवाळ्यात एल्बे नदी गोठली तेव्हा. त्या लाद्यांचे तैलरंगातले छोटे अभ्यास त्याने केले आणि नदीतला बर्फ चित्रात डोंगराएवढा केला.

मला या चित्रात सर्वांत विलक्षण वाटतो तो काळ. बाकी सगळ्यांची जहाजं फुटत असतात: लाट येते आहे, कोणी ओरडतो आहे, अजून काहीतरी होऊ शकतं. इथे सगळं होऊन गेलेलं आहे. वादळ नाही, वाऱ्याचा मागमूस नाही. अशा चित्रापुढे बर्कचा सुरक्षित थरार काम करत नाही. सुरक्षित अंतर मोजायला दुसरं टोक हवं, आणि तिथे माणूसच नाही.

त्या काळच्या लोकांना ते पचलं नाही. फ्रीडरिशच्या हयातीत ते विकलं गेलं नाही, १८४० मध्ये तो वारला तेव्हा ते त्याच्याच घरात होतं. मग ते डालकडे गेलं आणि १९०५ मध्ये हॅम्बुर्गला आलं. १८३४ मध्ये ड्रेस्डेनला आलेला फ्रेंच शिल्पकार दाव्हिद दांजे म्हणाला होता की या माणसाने निसर्गचित्रातली शोकांतिका शोधून काढली.

'हिमसागर'चा अर्थ राजकीय लावायचा की धार्मिक?

दोन्ही लावले जातात. राजकीय वाचन असं: नेपोलियन गेला, जर्मन तरुणांना स्वातंत्र्य आणि एकी हवी होती, त्याऐवजी १८१९चे कार्ल्सबाड हुकूम आले, छापखाने आणि विद्यापीठं आवळली गेली. फ्रीडरिशची सहानुभूती कुठे होती हे त्याच्या चित्रांतल्या माणसांच्या जुन्या जर्मन पोशाखावरून कळतं. तेव्हा गोठलेलं जहाज म्हणजे गोठलेली आशा. धार्मिक वाचन: तो बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा, लुथरपंथी. माणसाची धाव संपते तिथे देवाचं अथांगपण सुरू होतं, आणि बर्फाचा सुळका एकाच वेळी थडगं आणि वेदी आहे.

तिसरं, चरित्राचं वाचनही लोकांना आवडतं: १७८७ मध्ये त्याचा भाऊ क्रिस्टोफर बुडून गेला, कास्पारला बर्फातून वाचवताना, असं सांगतात. त्यावरून थेट या चित्रापर्यंत उडी मारणं मला धाडसाचं वाटतं. मध्ये छत्तीस वर्षं आहेत. मात्र एक गोष्ट विसरू नये. 'समुद्राकाठचा साधू' या चित्रात (१८०८ ते १८१०) त्याने आधी जहाजं घेतली होती आणि मग काढून टाकली, हे तपासणीत दिसून आलं आहे. जहाज ठेवायचं की पुसायचं, हा त्याच्यासाठी फार आधीपासूनचा प्रश्न होता.

टर्नरचं 'गुलामांचं जहाज' जहाजफुटीच्या यादीत का घालतात? जहाज तर शाबूत आहे.

शाबूत आहे आणि दूर निघालं आहे, तेच भयंकर आहे. १८४० मध्ये मांडलेल्या या चित्राचं पूर्ण नाव 'गुलामांचे व्यापारी मेलेल्यांना आणि मरणाऱ्यांना समुद्रात फेकताना, वादळ येत आहे'. मागे झाँग जहाजाची हकिगत आहे: १७८१ मध्ये या इंग्लिश जहाजावरून १३०हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकलं गेलं आणि मालकांनी 'माल बुडाला' म्हणून विम्याचा दावा लावला. १७८३ मध्ये तो खटला लंडनच्या न्यायालयात चालला तो विम्याचा म्हणून, खुनाचा म्हणून नाही.

सूर्यास्ताचा लाल-पिवळा जाळ डोळ्यांत भरतो, आणि मग खाली उजव्या कोपऱ्यात बेडी घातलेला पाय, मासे, पाण्यावर आलेले हात दिसतात. आधी सौंदर्य, मग गुन्हा, याच क्रमाने. टर्नरने सोबत स्वतःच्या ओळी जोडल्या होत्या. त्यांत तो खोट्या आशेला विचारतो की आता तुझा बाजार कुठे गेला? आशेचा नांगर आणि बाजारभाव त्याने एकाच ओळीत आणून ठेवले. इतक्या जुन्या प्रतीकाचे असे वाभाडे दुसऱ्या कोणी काढलेले मला माहीत नाहीत.

हे चित्र रस्किनला वडिलांनी भेट दिलं. त्याने त्यातल्या समुद्रावर पानभर अप्रतिम गद्य लिहिलं आणि ते गुलामांचं जहाज आहे ही गोष्ट तळटीपेत घातली. पुढे ते घरात बघवेना म्हणून विकून टाकलं. अखेर १८९९ मध्ये ते बॉस्टनला गेलं.

टर्नरच्या 'समुद्रावरील आपत्ती' (साधारण १८३५, अपूर्ण) या चित्रामागेही बहुधा असाच प्रकार आहे. १८३३ मध्ये शंभराहून अधिक स्त्री-कैद्यांना ऑस्ट्रेलियाला नेणारं अँफिट्राइट हे जहाज बुलोन्यच्या किनाऱ्यालगत अडकलं. कैदी पळतील म्हणून कप्तानाने किनाऱ्यावरची मदत नाकारली.

डोलकाठी, नांगर, कुत्रा, पहाट: या खुणांचे ठरलेले अर्थ आहेत का?

कोष करून ठेवावा असे नाहीत. डोलकाठी आडव्या काठीसह उभी असली की क्रूस दिसतो, हे त्या प्रेक्षकाला आपोआप जाणवायचं. नांगराचं वर आलंच आहे. पहाट मात्र फसवी. डालच्या 'वादळी रात्रीनंतरची सकाळ' (१८१९, म्युनिक) यात उजाडलं आहे आणि वाचलेला माणूस डोकं धरून खडकावर बसला आहे. वाचणं म्हणजे सुटणं नव्हे. टर्नरच्या साधारण १८४१च्या एका जलरंगात जहाज नाहीच: ओला किनारा, आकाशात चंद्रकोर, आणि पाण्याकडे तोंड करून भुंकणारं एक कुत्रं. 'जहाजफुटीनंतरची पहाट' हे नाव रस्किनने दिलं. नाव काढून टाका, मग तिथे जहाजफुटी आहे असं म्हणवेल का, हे ठरवणं कठीण आहे. मला ते चित्र त्यामुळेच आवडतं.

आयवाझोव्स्कीचं 'नववी लाट' एवढं लोकप्रिय का?

कारण ते दिलासा देतं. वादळात प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा मोठी होत जाते आणि नववी सर्वांत घातक, अशी खलाशांची समजूत. १८५०च्या या चित्रात रात्र संपली आहे, तुटक्या डोलकाठीला माणसं चिकटली आहेत, समोर लाट आहे आणि तिच्यातून पारदर्शक हिरवा प्रकाश येतो आहे. त्या प्रकाशाचं कसब निर्विवाद, आणि तो समुद्र समोर न ठेवता आठवणीतून रंगवायचा. पण फ्रीडरिशनंतर सव्वीस वर्षांनी हे चित्र आपल्याला पुन्हा जुन्या भरवशाकडे नेतं. कॅलेंडरवर शोभतं म्हणतात ते याच कारणाने.

जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट यात बसते का?

नाही. साधारण १८३१ची, म्हणजे काळ जुळतो, पण ती जपानी छापचित्रांच्या वेगळ्याच परंपरेतली. होड्याही फुटलेल्या नाहीत.

आपल्याकडचा भवसागर आणि ही चित्रं यांचं नातं सांगता येईल का?

इतिहासाने सांगता येत नाही, आणि ओढूनताणून जोडू नये. भवसागराला पैलतीर असतो आणि पार नेणारा कोणीतरी असतो. व्हर्नेच्या चित्राशी ते थोडंफार जमेल. 'हिमसागर' मध्ये दोन्ही नाहीत.

मग ही लाट ओसरली कशी?

वाफेची आणि लोखंडी जहाजं आली, दीपगृहं वाढली, आणि चित्रकार समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला जाणाऱ्या लोकांकडे वळले. विषय संपला मात्र नाही. इंग्लिश चित्रकार लँडसीअरने १८६४ मध्ये, इंग्लिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या आर्क्टिकमध्ये नाहीशा झालेल्या मोहिमेवरून, जहाजाचे अवशेष फाडणारी ध्रुवीय अस्वलं रंगवली. ते चित्र लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या दालनात आहे, आणि तिथे परीक्षा असली की त्यावर ब्रिटिश झेंडा टाकतात, कारण त्याच्यासमोर बसणारा नापास होतो अशी विद्यार्थ्यांची ठाम समजूत! अमेरिकेच्या विन्स्लो होमरने १८९९ मध्ये 'गल्फ स्ट्रीम' काढलं: डोलकाठी मोडलेली होडी, भोवती शार्क, वर एकटा काळा माणूस. आणि २०१५ मध्ये ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीने फ्रान्समधल्या कालेला, स्थलांतरितांच्या छावण्यांच्या गावात, भिंतीवर जेरिकोचा तराफा पुन्हा काढला. क्षितिजावरच्या आर्गसच्या जागी त्याने आधुनिक आलिशान बोट दाखवली.

यातली कुठली चित्रं प्रत्यक्ष पाहावीत?

लंडनमध्ये असाल तर टेट ब्रिटन. टर्नरचं १८०५चं 'जहाजफुटी' आणि १८४२चं 'हिमवादळ' दोन्ही त्यांच्या संग्रहात आहेत आणि कायमच्या दालनांना तिकीट नाही. जमलं तर दोन्ही एकाच भेटीत बघा. पहिल्यात होडीतली माणसं मोजता येतात, दुसऱ्यात बोटसुद्धा शोधावी लागते. जलरंगातलं ते कुत्रं लंडनच्याच कोर्टोल्ड कलादालनाच्या संग्रहात आहे, पण कागदावरची चित्रं प्रकाशाला जपावी लागतात म्हणून ती सतत मांडलेली नसतात. पॅरिसला लूव्रमध्ये 'मोनालिसा'ची गर्दी टाळून तराफ्यासमोर बसायला बरीच मोकळी जागा मिळते. हे चित्र छापील पाहून काहीच कळत नाही, त्याचा आकार हाच त्याचा अर्धा मुद्दा. डांबरी रंगामुळे ते काळवंडत चाललं आहे, तेव्हा फार वर्षं थांबू नका. जर्मनीतल्या मराठी मंडळींना हॅम्बुर्ग सोपं. 'हिमसागर' अपेक्षेपेक्षा लहान निघेल, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. बॉस्टनला जाणाऱ्यांनी 'गुलामांचं जहाज' सध्या दालनात आहे का ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्यावं.